दादाच्या नावाची खोकी

कोलकात्यात प्रत्येक पुरुष दादा असतो. रिक्षावाला दादा, मासेवाला दादा, बँकेतला साहेबसुद्धा दादा. त्यामुळे सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी आमच्या इमारतीच्या दरवानाने खालून इंटरकॉमवर "बौदी, दादार पार्सेल एशेछे" असं सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याचं पार्सल आलंय एवढंच त्याला म्हणायचं होतं. मी मात्र भिजवत असलेली कणीक तशीच सोडून उभी राहिले. पार्सल खरोखरच दादाचं होतं, माझ्या सख्ख्या भावाचं. खोक्यावर त्याचं नाव छापलेलं होतं आणि खाली पत्ता आमचा, सॉल्ट लेकचा. दादा दिवाळीनंतर गेला होता, पुण्यात, झोपेतच.

ते येणार हे मला ठाऊक होतं. संक्रांतीच्या सुमारास भाचीचा फोन आला होता.

"आत्या, बाबांनी दसऱ्याला एक वर्गणी भरली होती. दर महिन्याला एक खोकं येतं. जुन्या काळची खेळणी, गोळा करायच्या वस्तू, असलं काहीबाही. आत काय आहे ते उघडेपर्यंत कळत नाही. बाबा गेले तरी ती येतायत. आई उघडत नाही आणि मलाही उघडू देत नाही. दाराच्या मागे ठेवून देते."

"मग बंद करून टाक."

"वर्षाचं भरून ठेवलंय त्यांनी. आणि बंद करायला मला नाही होत गं. उरलेली तुझ्या पत्त्यावर पाठवू का?"

मी हो म्हटलं. पोरीचा आवाज बसलेला होता आणि तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी होत असेल तर होऊ दे, एवढाच विचार केला. दादाने असली वर्गणी भरावी याचं मात्र मला नवल वाटत राहिलं. दादा वस्तू टाकून देणारा माणूस. आई-बाबांचं घर आवरताना मी एकेक वाटी हातात घेऊन बसायचे आणि तो माझ्या हातातून काढून घेऊन पोत्यात टाकायचा. "अडगळ आहे ही, उठ," म्हणायचा. त्याच्या स्वतःच्या घरात भिंतीवर एक घड्याळ सोडलं तर काही नव्हतं.

दारात पार्सलवाला उभा होता. त्याला ओटीपी हवा होता. भाचीने पत्ता बदलला होता, पण फोन नंबर दादाचाच राहिला होता. म्हणजे ओटीपी पुण्याला, दादाच्या फोनवर गेलेला. तो फोन वहिनींकडे होता. त्यांनी तो बंद केलेला नव्हता, हेही मला त्याच वेळी कळलं.

वहिनींचं आणि माझं कधी भांडण झालं नाही. पण बोलणंही कधी झालं नव्हतं. त्या सांगलीकडच्या, मोठ्या एकत्र कुटुंबातून आलेल्या. लग्नानंतर मला वन्सं म्हणायला लागल्या आणि अहो-जाहो करू लागल्या, मीही तशीच वागत राहिले. मधे दादा असायचा. मी दादाला काही सांगायचे, तो त्यांना सांगायचा, त्यांचं उत्तर त्याच्याकडूनच यायचं. तो गेल्यावर तेराव्यापर्यंत आम्ही दोघी एका घरात होतो आणि "चहा ठेवू का" यापलीकडे आमच्यात शब्द नव्हते.

आता त्यांना फोन केला.

"वहिनी, त्याच्या फोनवर एक ओटीपी आला असेल. वाचून दाखवता का?"

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी आकडे वाचले, सावकाश, एकेक. मी ते पार्सलवाल्याला हिंदीत सांगितले. तोवर वहिनींनी फोन ठेवलेला होता.

नवरा ऑफिसला जायला निघाला होता. खोकं बघून तो खुर्चीवर बसला.

"आत्ता उघडतेस?"

"तू गेल्यावर उघडेन."

"नको. मी असताना उघड."

स्वयंपाकघरातल्या सुरीने मी चिकटपट्टी कापली. आत कागदाच्या कातरणांत बसवलेल्या वस्तू होत्या. एक यो-यो, पाणी भरून बटण दाबत रिंगा दांडीवर चढवायचा प्लॅस्टिकचा खेळ, काडेपेट्यांच्या जुन्या छापांचं एक पाकीट आणि पेपरमिंटच्या गोळ्या. वर एक रंगीत कार्ड, बालपणात तुमचं पुन्हा स्वागत असं इंग्रजीत लिहिलेलं.

मी एकेक वस्तू उचलून पाहिली. काहीच ओळखीचं नव्हतं. ही खोकी भरणारी मंडळी तिशीतली असणार. त्यांचं बालपण त्यांनी आत घातलं होतं. ज्या काळात हा पाण्याचा खेळ दुकानात आला त्या काळात दादा नोकरीला लागलेला होता. नवऱ्याने यो-यो बोटात अडकवून खाली सोडला. तो खालीच राहिला.

"दादाला हे कशाला हवं होतं?" मी म्हणाले.

नवऱ्याने खांदे उडवले आणि यो-योची दोरी गुंडाळून परत जागेवर ठेवली.

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच. दादाला मी दर रविवारी फोन करत असे. इतकी वर्षं. आम्ही त्याच्या साखरेबद्दल बोलायचो, माझ्या गुडघ्याबद्दल, पुण्यातल्या फ्लॅटच्या गळतीबद्दल. लहानपणी दादा माझा एकुलता एक मित्र होता. बाबा रेल्वेत. दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. भुसावळ, बिलासपूर, चक्रधरपूर, मग कोलकात्यात गार्डन रीचला, तिथून नागपूर. नव्या गावी शाळेत ओळख होईपर्यंत पुढच्या बदलीचा कागद यायचा. त्यामुळे आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. तो दादा आणि रविवारी साखर किती आली ते सांगणारा दादा एकच आहे, हे मला कधीकधी खरं वाटत नसे. पहिल्या दादाची मला फार आठवण यायची, दुसरा फोनवर असतानासुद्धा.

नवऱ्याच्या बँकेने त्याला कोलकात्याला पाठवलं तेव्हा पहिला फोन मी दादाला केला होता.

"गार्डन रीचला गेलीस का?" त्याने लगेच विचारलं.

"अरे, अजून सामान लागतंय."

"एकटी जाऊ नकोस. मी हिवाळ्यात येतो. आपण दोघं जाऊ."

पहिल्या हिवाळ्यात त्याच्या पायाचं ऑपरेशन निघालं. दुसऱ्यात भाचीचं लग्न. तिसऱ्या हिवाळ्यात तिकीट काढतो म्हणाला होता. मी गार्डन रीचला गेले नाही. सॉल्ट लेकहून ते काही परदेशात नाही, पण त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं म्हणून गेले नाही.

दुसरं खोकं आलं तेव्हा पुन्हा वहिनींना फोन लावला. त्यांनी आकडे वाचले. मी आभार मानून ठेवणार, तोच त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी काय निघालं?"

मी सांगितलं.

"यो-यो," त्या म्हणाल्या. "बरं, ठेवते."

तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "उघडा ना, मी आहे फोनवर." मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि खोकं उघडलं. त्यात दाबला की टक्‌टक् वाजणारा पत्र्याचा बेडूक होता. मी तो फोनजवळ नेऊन वाजवला. वहिनी हसल्या. त्यांचं हसणं मी कधी ऐकलं होतं का, आठवेना. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी सागरगोटे सोडून दुसरं काही नव्हतं. पाच भावंडांत मी थोरली. सागरगोटेसुद्धा धाकटीने मागितले की द्यायचे." मग सागरगोट्यांचे डाव कसे, कोणता हात कसा धरायचा, वरचा खाली यायच्या आत खालचे कसे उचलायचे, हे त्या बराच वेळ सांगत बसल्या. माझी भाजी लागली. मी गॅस बंद केला, त्यांना मधे थांबवलं नाही.

असं करत करत महिन्याचा तो एक दिवस आमचा झाला. दरवानाचा फोन आला की मी पार्सलवाल्याला पाणी द्यायचे, बसायला सांगायचे आणि वहिनींना फोन लावायचे. त्या दादाचा फोन चार्ज करून हाताशी ठेवत. एकदा त्यांनीच सकाळी कळवलं, "आज यायचंय बघा, त्यांच्या फोनवर मेसेज आलाय." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्या लगेच हवा कशी आहे ते विचारू लागल्या.

खोक्यांतून काय काय निघत होतं. डोळ्याला लावून चकत्या फिरवत चित्रं बघायचा चष्मा, सापशिडी, परदेशी तिकिटं, गोट्या. मी प्रत्येक वस्तू कपाटात एका खणात ठेवत होते आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणत होते, हे नाही. दादा काहीतरी ठरावीक शोधत होता आणि ते या खोक्यांतून कधीतरी येईल म्हणून त्याने वर्षभराची वर्गणी भरली होती, याबद्दल मला शंका उरली नव्हती. ते काय असेल याचा विचार मी भांडी आवरताना करायचे, बसमध्ये करायचे.

आषाढात सॉल्ट लेकमध्ये रथाची जत्रा भरली. इथे जत्रेत पापड आणि जिलबी खायची आणि झाडांची रोपं घ्यायची पद्धत आहे. नवऱ्याला जास्वंदीचं रोप हवं होतं. तो रोपवाल्याशी त्याच्या मोडक्या बंगालीत बोलत होता आणि मी पुढे गेले. एका फळीवर पत्र्याची खेळणी मांडलेली होती. शेजारी एका मोठ्या परातीत पाणी घातलेलं, आणि त्या पाण्यात पत्र्याची एक छोटी आगबोट फटफट आवाज करत गोल फिरत होती. लाल आणि निळी, आत पेटलेली वात.

मी तिथेच थांबले. गार्डन रीचला असताना बाबांनी आम्हाला अशाच रथाच्या जत्रेत नेलं होतं आणि दोघांत मिळून एक अशी बोट घेऊन दिली होती. दादा तिच्या टाकीत पाणी भरायचा, मी आईकडून वातीला तेल आणायचे. बोट सुरू व्हायला वेळ घ्यायची. दादा कान पाण्याजवळ नेऊन बसायचा आणि पहिली फट ऐकू आली की हात वर करायचा. बदली झाली तेव्हा सामान फार झालं म्हणून आईने ती शेजारच्या मुलांना देऊन टाकली. नागपूरच्या गाडीत दादा रात्रभर काही बोलला नव्हता.

नवरा रोप घेऊन माझ्यापाशी आला तेव्हा मी रडत होते. त्याने बोटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हेच ना?" त्याने विचारलं.

"हेच. तो पुण्यात बसून पार्सलातून यायची वाट बघत होता आणि इथे रस्त्यावर मिळतेय. मी तीन वर्षं इथे राहतेय. एकदा तरी आला असता."

"घे ना दोन," तो म्हणाला.

घरी येऊन मी वहिनींना फोन केला. त्या दिवशी खोकं आलेलं नव्हतं. ओटीपीशिवाय मी त्यांना केलेला तो पहिलाच फोन.

"वहिनी, सापडलं. तो काय शोधत होता ते सापडलं." आणि मी बोटीची सगळी गोष्ट सांगितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोटीचं मला कधी बोलले नाहीत ते."

"नसेल बोलला. पण हेच असणार."

"वन्सं, ते काही शोधत नव्हते."

मी हातातली बोट खाली ठेवली.

"मी विचारलं होतं त्यांना. पहिलं खोकं आलं तेव्हाच. म्हटलं, ही काय पोरखेळाची वर्गणी भरलीत या वयात. तर म्हणाले, आत काय येतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही, मला खोकं उघडायचंय. म्हणाले, बदली झाली की आमचं सगळं घर लाकडी खोक्यांत जायचं, पेंढा घालून. नव्या गावी वडील पटाशीने फळी उचकटायचे आणि पहिला हात तुमचा जायचा आत. डोळे मिटून. बाहेर काढायच्या आधी तुम्ही ओळखायचं. समई, किसणी, वडिलांचा बूट. ते तुम्हाला चिडवायचे. म्हणाले, आम्हीच भरलेलं असायचं सगळं, तरी आत काय असेल म्हणून ती अशी काही नाचायची, की मलाही वाटायचं यात काहीतरी नवीनच आहे."

मला पेंढ्याचा वास आला. खोटं नाही सांगत. खरखरीत, थोडा ओलसर. त्या पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातलेला, आणि मागे दादा म्हणतोय, "बघू नकोस, बघू नकोस, लबाडी आहे ही." हे मी पार विसरून गेले होते. बोट मी लक्षात ठेवली होती आणि हे विसरले होते.

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"कधी सांगणार? रविवारी तुम्ही दोघं साखरेवर बोलायचात," वहिनी म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पहिल्या खोक्यात त्यांनीही डोळे मिटूनच हात घातला. मी हसले. दुसरं आलं तेव्हा मला बोलावत होते, तर मी फराळाचे डबे धूत होते. म्हटलं, बघते नंतर."

दोघींपैकी कोणी फोन ठेवेना. त्यांच्या खिडकीखाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ते ऐकू येत होतं.

पुढचं खोकं आलं तेव्हा मी चिकटपट्टी कापली आणि डोळे मिटले. नवरा घरी होता, त्याने फोन माझ्याजवळ सरकवला. कागदाच्या कातरणांत हात घातला आणि वहिनींना सांगू लागले, गुळगुळीत आहे, वर निमुळतं, मधे खाचा. वहिनी म्हणाल्या, "भोवरा." भोवराच होता. त्या इतक्या खूश झाल्या, की त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं.

शेवटचं खोकं दुर्गापूजेच्या गर्दीत आलं. सगळीकडे मांडव बांधायचं चाललेलं, रस्ते अडलेले, पार्सलवाला घामाघूम झालेला. त्यात पत्त्यांचा एक जोड आणि एक पितळी शिट्टी होती. खाली कार्डावर लिहिलं होतं, की तुमचं वर्ष संपलं, पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवा. वर दादाचं नाव. मी ते वहिनींना वाचून दाखवलं.

"भरायचं का?" मी विचारलं.

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. "नको," म्हणाल्या. "त्यांनी भरलं होतं तेवढं झालं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण पुढच्या महिन्यात दरवानाने इंटरकॉम केला की मी हातातलं काम टाकून उठायचे. एकदा नवऱ्याचे बूट आले, एकदा शेजाऱ्यांचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. मी खाली जाऊन नाव वाचायचे आणि परत यायचे. दादा गेला तेव्हा मी रडले होते, पण तो नाही हे तेव्हा मला नीट कळलेलं नव्हतं. ते आता कळू लागलं, त्याच्या नावाचं काही यायचं थांबल्यावर.

वर्षश्राद्धाला मी पुण्याला गेले. सगळे विधी झाले, पाहुणे पांगले, भाची तिच्या घरी गेली. दुपारी वहिनी आणि मी दोघीच उरलो. बाहेरच्या खोलीच्या दारामागे ती दोन खोकी अजून होती, मागच्या हिवाळ्यात आलेली, न उघडलेली. वरची धूळ मात्र पुसलेली होती.

"माझ्याबरोबर चला कोलकात्याला," मी म्हणाले. "हवा छान आहे आता. ही पण घेऊन जाऊ."

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. लग्नानंतर त्या दादाशिवाय कुठे गेल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल घेऊन आल्या.

गाडीत आम्ही खोकी बर्थखाली ठेवली. वाटेत भुसावळ आलं तेव्हा वहिनींनी मला हलवून उठवलं आणि खिडकीतून बाहेर बघायला लावलं, जणू त्या भुसावळला माझं काहीतरी अजून शिल्लक होतं.

कोलकात्यात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर आम्ही ती दोन्ही उघडली. आधी वहिनींनी हात घालायचा असं ठरलं. त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले, हात घातला आणि तसाच आत ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. बोटं चाललेली कागदावरून कळत होती. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो.

"काय आहे?" शेवटी मी विचारलं.

"माहीत नाही. राहू दे जरा," त्या म्हणाल्या.

आत एक छोटी प्लॅस्टिकची मोटार होती, आणि मातीचे रंगवलेले दोन मोर. दुसऱ्यात रंगीत खडू आणि पुन्हा एक यो-यो. हा यो-यो नवऱ्याने सोडला आणि तो वर आला. वहिनी म्हणाल्या, "मला द्या," आणि त्यांनाही तो जमला.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही गार्डन रीचला गेलो. नवरा येतो म्हणत होता, पण वहिनी म्हणाल्या आम्ही दोघी जातो. एस्प्लनेडपर्यंत मेट्रोने, मग बसने खिदिरपूरवरून. रेल्वेच्या वसाहतीच्या फाटकाशी मी सांगितलं, की माझे वडील इथे होते, खूप वर्षांपूर्वी. तिथल्या माणसाने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि जा म्हणाला.

आत झाडं होती, मोठी, एकाच उंचीची. एकसारख्या दुमजली इमारती होत्या, नव्याने पिवळा रंग दिलेल्या. मला काही ओळखता येईना. मला आठवत होता तो लाल फरशीचा थंडावा आणि जिन्याचा कठडा, आणि जिने तर सगळ्याच इमारतींना होते. मी एकीपुढे उभी राहिले, मग दुसरीपुढे. वाटलं, उगाच आलो. तो असता तर त्याने सरळ नेऊन उभं केलं असतं.

"जिन्याखाली हौद होता ना तुमच्या?" वहिनी म्हणाल्या.

"असेल."

"होता. ते सांगायचे. आणि मागच्या गॅलरीतून नदी दिसायची नाही, नुसती बोटींची धुराडी दिसायची. इमारतींच्या वरून सरकत जाताना. तुम्हाला आधी वाटायचं, ती धुराडी जमिनीवरूनच चालतायत. एक शेवटची इमारत, तिच्यापुढे मैदान." त्या चालू लागल्या. पायात चप्पल नवी होती, चावत होती, तरी भरभर चालत होत्या. मी मागून गेले. त्या या शहरात पहिल्यांदा आलेल्या, आणि एका इमारतीच्या कोपऱ्यावरून वळून त्यांनी मला नेमकं त्या जिन्याशी आणलं. हौद होता. सिमेंटची झाकणं घालून बंद केलेला, वर कोणीतरी तुळशीच्या कुंड्या ठेवल्या होत्या.

"हेच गं," त्या म्हणाल्या. मला त्यांनी कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

मी कठड्यावर हात ठेवला. तो माझ्या कमरेला लागत होता. वरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने वाकून बंगालीत विचारलं, कोणाकडे आलात? माझा हात अजून कठड्यावरच होता. वहिनींना बंगाली येत नाही. त्यांनी वर बघून हिंदीत सांगितलं, "किसी के यहाँ नहीं. इनका घर था, देखने आए." त्या बाईने हातातला पिळा तसाच धरून आम्हाला वर बोलावलं. आम्ही नको म्हटलं. नदीच्या बाजूने एक भोंगा वाजला आणि लांबत गेला, पण धुराडं काही दिसलं नाही. मधे आता उंच गोदामं झाली आहेत.

परत येताना बस मिळाली नाही म्हणून टॅक्सी केली. गर्दी होती. वहिनींनी चपला काढून पाय मोकळे केले आणि म्हणाल्या, "मला ते चाळीस वर्षांचे असल्यासारखेच आठवतात. आधीचे कसे होते, सांग ना. इथे असतानाचे."

मी सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्या गावापासून. सांगता सांगता खिदिरपूर गेलं, मैदान गेलं. त्या मधेमधे विचारत होत्या, मग, मग काय केलं त्यांनी. घराखाली टॅक्सी उभी राहिली तेव्हा मी अजून भुसावळच्या शाळेतच होते, आणि आम्ही उतरलो तशाच बोलत वर गेलो.